स्पेशल नीड्स मूल दत्तक घ्यायचंय? सोलापुरातून अर्ज कसा करायचा

घरात दोन मुलं आहेत म्हणजे आपल्याला दत्तक मिळणारच नाही असं धरून बरेच जण अर्जच भरत नाहीत. तसं नाहीये. 2022 च्या दत्तक नियमांनुसार अशा जोडप्यांनाही स्पेशल नीड्स असलेलं, म्हणजे आजार किंवा अपंगत्वामुळे जास्त काळजी लागणारं मूल घेता येतं.

अर्ज फक्त ‘कारा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर, एजंट वगैरे अजिबात नको. दवाखान्यातून परस्पर बाळ मिळवून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या, कारण बाल न्याय कायद्यात असं मूल घेण्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

लग्नाला 2 वर्षं झालेली हवीत. एकटी बाई मुलगा-मुलगी कुणालाही घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. मुलात आणि तुमच्यात किमान 25 वर्षांचं अंतर लागतं, आणि 2 वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोचं वय मिळून 85 च्या वर नको, 4 ते 8 वर्षांच्या मुलासाठी 100 पर्यंत चालतं.

कागदपत्रं नेहमीचीच: फॅमिली फोटो, पॅन, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, ओळखीच्या दोघांची पत्रं. मग सोशल वर्कर घरी येतात, याची फी 6000. उत्तरं पाठ करून बसू नका हो, घरात आजी-आजोबांना हे मान्य आहे का, थेरपीसाठी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जावं लागलं तर नोकरीचं काय, हे खरं खरं बोला, त्यांना तेच समजून घ्यायचं असतं.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे मुलाचा मेडिकल रिपोर्ट. स्पेशल नीड्समध्ये फाटलेला ओठ, ऐकू कमी येणं, हृदयाला छिद्र, सेरेब्रल पाल्सी असं सगळंच येतं, काही ऑपरेशननं सुधारतं, काही आयुष्यभर सांभाळायचं असतं, त्यामुळे फोटो बघून हो म्हणू नका. रिपोर्ट तुमच्या स्वतःच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवायचा तुम्हाला हक्क आहे, तो वापराच. आणि न झेपणाऱ्या मुलाला हो म्हणून नंतर परत पाठवणं हा त्या लेकरावर दुसऱ्यांदा झालेला घाव आहे, त्यापेक्षा आधीच नाही म्हणालेलं बरं.

आता दत्तकाचा आदेश कोर्ट नाही, जिल्हाधिकारी देतात, तेही मूल ज्या जिल्ह्यातल्या संस्थेत आहे तिथले. नंतर 2 वर्षं दर सहा महिन्यांनी फॉलोअप असतो.

कायमचं दत्तक जमत नसेल तर फॉस्टर केअर, म्हणजे मूल दत्तक न घेता आपल्या घरी सांभाळणं आहे, साधारण 6 वर्षांवरच्या मुलांसाठी. 2024 च्या गाईडलाईननुसार एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून मुलासाठी महिन्याला 4000 रुपयांची तरतूद आहे, आणि 2 वर्षं सांभाळल्यावर त्याच मुलाच्या दत्तकासाठी अर्ज करता येतो, फक्त मूल कायद्यानं दत्तकासाठी मोकळं झालेलं पाहिजे. याचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष बघतो, मूल कुणाकडे द्यायचं ते बालकल्याण समिती ठरवते.