‘रक्त कमी आहे’ म्हणजे नक्की काय कमी आहे? लोह की बी-१२?

माझ्या मावशीने दीड वर्ष लोहाच्या गोळ्या घेतल्या. हिमोग्लोबिन ९.४ वरून १०.१ वर आलं आणि तिथेच अडून बसलं. बीट झालं, डाळिंब झालं, खजूर झाला, रोज सकाळी अळिवाचा लाडू झाला. ताकद येईना, वजन मात्र सहा किलोंनी वाढलं. मग एक दिवस ती सहज म्हणाली, “हल्ली पायातून चप्पल निसटते आणि मला कळतच नाही.” नव्या डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क (वाजवला की थरथरणारा धातूचा दुबेळका) वाजवून तिच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि विचारलं, काय वाटतंय? “गार लागतंय,” ती म्हणाली. गारवा कळत होता, थरथर कळत नव्हती. बी-१२ हे जीवनसत्त्व तपासलं तर ११८ निघालं. २०० च्या खाली गेलं की कमतरता समजतात.

आपल्याकडे थकवा आला, चेहरा ओढला की ‘रक्त कमी आहे’ म्हणायचं आणि लोहाची गोळी सुरू करायची, अशी पद्धतच पडली आहे. शाकाहारी घरात या शब्दांमागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात, आणि बरेचदा दोन्ही एकदमच असतात.

लोह हा हिमोग्लोबिनचा कच्चा माल. तो कमी पडला की शरीर तांबड्या पेशी बनवतं, पण लहान आणि फिक्या. बी-१२ चं काम वेगळं आहे: पेशीचं विभाजन नीट व्हायला ते लागतं. ते नसलं की पेशी वाढते पण वेळेवर विभागत नाही, म्हणून पेशी मोठ्या आणि मोजक्याच तयार होतात. साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही नावाची ओळ असते, ती तांबड्या पेशींचा सरासरी आकार सांगते. ८० ते १०० ठीक. ८० च्या खाली असेल तर लोहाचा संशय घ्यायचा (थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही पेशी लहानच दिसतात, तेवढं ध्यानात ठेवावं), १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलेटचा (हे बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व).

खरी फसगत होते ती दोन्ही कमी असतात तेव्हा. लहान पेशी आणि मोठ्या पेशी यांची सरासरी निघते आणि एमसीव्ही अगदी शहाण्यासारखा ९० वर येऊन बसतो. मावशीचा ९१ होता. रिपोर्टमध्ये त्या ओळीखाली काहीही ठळक छापलेलं नव्हतं, त्यामुळे तिकडे कुणी पाहिलंच नाही. अशा वेळी त्याच रिपोर्टमधला आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला फरक सांगणारा आकडा, वाढलेला दिसतो, कारण पेशींच्या आकारात मेळ नसतो. म्हणून शाकाहारी माणसाचं हिमोग्लोबिन कमी आलं तर फेरिटिन आणि बी-१२ दोन्ही एकदमच तपासून घ्यावं असं माझं ठाम मत आहे. फेरिटिन म्हणजे लोहाची शिल्लक. अंगात ताप किंवा सूज असेल तर ते खोटंच वाढलेलं दिसतं, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावं.

थकवा, धाप, धडधड ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. वेगळेपण पाहायचं ते इतरत्र. लोह कमी असलं की नखं पातळ होऊन चमच्यासारखी खोलगट होतात, केस गळतात, आणि माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. लेक तांदूळ निवडता निवडता चघळत असेल तर तिला रागावू नका, तिचं रक्त तपासा. बी-१२ कमी असलं की त्रास मज्जातंतूंना होतो: हातापायांना मुंग्या, तळव्यांना बधिरपणा, अंधारात तोल जाणं, विसराळूपणा. जीभ लाल आणि गुळगुळीत होते, बोटांची पेरं काळवंडतात. हिमोग्लोबिन चांगलं असतानाही मुंग्या येऊ शकतात.

आता ताटाकडे येऊ. लोह शाकाहारात असतं: डाळी, कडधान्यं, नाचणी, बाजरी, अळीव, पालेभाज्या. पण ते सहजी अंगी लागत नाही. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशी सांगतात. हे आकडे इतके मोठे आहेत त्याचं कारणच हे, की आपल्या जेवणातल्या लोहाचा थोडाच भाग आत जातो. वरणभातावर लिंबू पिळणं, मूग-मटकीला मोड आणणं, लोखंडी कढईत भाजी करणं या आजीच्या सवयी इथे खऱ्या उपयोगी पडतात. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं हा मात्र निव्वळ समज. त्यात लोह थोडंच असतं.

बी-१२ ची गोष्टच निराळी. ते जिवाणू बनवतात, वनस्पती नाही. कितीही पालक खा, कितीही मोड आणा, त्यातून ते मिळणार नाही. स्पिरुलिना नावाच्या शेवाळात असतं म्हणतात, पण त्यातला बराचसा भाग आपल्या शरीराच्या कामाचा नसतो. शाकाहाऱ्याला दूध, दही, ताक आणि पनीर एवढाच आधार. तुपातही ते नसतं, कारण तूप म्हणजे नुसतं स्निग्ध आणि बी-१२ पाण्यात विरघळणारं. १०० मिली दुधात ते साधारण अर्धा मायक्रोग्रॅम आणि रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे रोज जवळपास अर्धा लिटर दूध-दही पोटात जायला हवं. किती घरांत बायकांच्या वाट्याला एवढं येतं? दूध मुलांना, दही नवऱ्याच्या डब्यात, आणि तिच्या वाट्याला चहातलं पाव कप. वर तो चहा जेवण झाल्या झाल्या घेतला की जेवणातलं लोहही अडतं. जेवण आणि चहा यांत तासा-दीड तासाचं अंतर ठेवलं तरी फरक पडतो.

हे नुसतं माझ्या घराचं निरीक्षण नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. सुमारे दोनतृतीयांश जणींचं बी-१२ कमी होतं, फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांचं ठीक होतं. ज्यांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वात जास्त आढळलं. म्हणजे हा प्रश्न पुढच्या पिढीच्या मधुमेहाशीही जोडलेला आहे.

आणि वजन? इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. अशक्तपणा आहे म्हणून लाडू, खजूर, तूप-गूळ वाढवतात. त्याने उष्मांक वाढतात, आणि बी-१२ त्यात नसतंच. उलट वजन उतरवायला निघालेली मंडळी सगळ्यात आधी दूध-दही बंद करतात आणि जेवणानंतर ग्रीन टी सुरू करतात. पहिल्याने बी-१२ जातं, दुसऱ्याने लोह. साय काढलेल्या दुधात बी-१२ तितकंच राहतं, त्यामुळे वजनाची काळजी असेल तर साय काढा, दूध तोडू नका. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांमध्ये बी-१२ आणखी उतरतं, त्यांनी वर्षातून एकदा तपासणी करावी. बी-१२ च्या इंजेक्शनने वजन उतरतं असं कुणी सांगितलं तर पैसे वाचवा.

उपचारातही घोटाळा करू नये. लोहाची गोळी हिमोग्लोबिन नीट झालं तरी साधारण तीन महिने चालू ठेवावी लागते, नाहीतर शिल्लक भरत नाही. ती चहा, दूध, कॅल्शियमपासून लांब घ्यायची. शौच काळी होते, त्याने घाबरू नये. पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी असेल तर रक्त कुठे जातंय ते आधी शोधायलाच हवं. नुसत्या फॉलिक ॲसिडवर (म्हणजे गोळीतल्या फोलेटवर) विसंबणं तर धोक्याचं: त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, सगळे खूश होतात आणि मज्जातंतू आतल्या आत खराब होत राहतात.

मावशीला बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, लोहाची गोळी चालूच ठेवली, कारण नव्या पेशी भराभर बनू लागल्या की लोहही जास्त लागतं. चार महिन्यांत हिमोग्लोबिन १२.३ झालं. चप्पल आता निसटत नाही. डाव्या अंगठ्यावर मात्र ती थरथर अजून पुरती पोचत नाही. डॉक्टर म्हणाले, दीड वर्ष आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.