माणूस दगावला, पण गुन्हा कुणाचा? कृती, अकृती आणि कार्यकारणसंबंध
(आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक)

मृत्यू झाला म्हणजे कुणीतरी गुन्हेगार असणारच, असं धरून अनेक पक्षकार येतात. न्यायालय मात्र आरोपीने नेमकं काय केलं, त्याच्या मनात काय होतं आणि मृत्यू त्या कृतीमुळेच झाला का, हे वेगवेगळं तपासतं. मनाचा भाग इथे बाजूला ठेवला आहे.

कृती स्वेच्छेची हवी. फिट येऊन स्टिअरिंग सुटलं, तर तो झटका ही चालकाची कृती नव्हे. पण फिट येतात हे ठाऊक असून गोळ्या बंद केल्या आणि तरीही गाडी काढली, तर ती गाडी काढणंच त्याच्या अंगाशी येऊ शकतं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(४) नुसार कृत्यात बेकायदेशीर अकृतीही, म्हणजे कायद्याने करणं बंधनकारक असलेली गोष्ट न करणंही, येते. इथे ‘बेकायदेशीर’ हा शब्द महत्त्वाचा. बुडणाऱ्या अनोळखी माणसाकडे नुसतं पाहत राहणं निर्दय आहे, तरी तेवढ्यावर मनुष्यवध ठरत नाही. तिथे नेमलेल्या जीवरक्षकाची गोष्ट वेगळी. म्हणून आधी कर्तव्याचा कागद शोधा: नेमणूकपत्र, करार, ड्युटी रजिस्टर.

सर्वाधिक अडचण येते ती कार्यकारणसंबंधात. मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात, परवान्यात न बसणाऱ्या पद्धतीने, टर्पेंटाइन असलेल्या खोलीतच बर्नर चालत. आग लागून कामगार दगावले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मृत्यूचं निकटचं (थेट) कारण कामगाराने टर्पेंटाइन घाईने ओतणं हे मानलं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा व्यवस्थापकावरचा आरोप टिकला नाही; आगीबाबतच्या हयगयीचा टिकला. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याबाबतच्या आजच्या कलम १०६(१) खाली, जिथे ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हाच युक्तिवाद पुढे येतो.

उलट, ‘तो आधीच आजारी होता’ किंवा ‘चांगले उपचार मिळते तर वाचला असता’ हे बचाव सहसा चालत नाहीत. सदोष मनुष्यवधाची व्याख्या देणाऱ्या कलम १०० ची स्पष्टीकरणं १ आणि २ नेमकी यासाठीच आहेत.

जखमी माणूस काही दिवसांनी रुग्णालयात दगावला, तर शवविच्छेदन अहवालात अनेकदा फक्त ‘जंतुसंसर्ग’ एवढंच कारण असतं. तो संसर्ग मूळ जखमेतूनच झाला का, हे डॉक्टरांच्या जबाबात आलं नाही तर साखळी तिथेच तुटते. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचे केसपेपर आणि जखमांची नोंद यांच्या प्रती लगेच मागून घ्या. फिर्यादीत नुसतं ‘निष्काळजीपणा केला’ असं लिहू नका. कुणी, कधी, काय करायला हवं होतं आणि केलं नाही, हे वेळेसकट लिहा.