राजापूर लोकसभा मतदारसंघ

राजापूर हा दक्षिण कोकणातील लोकसभेचा भूतपूर्व मतदारसंघ होय. 2008 मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना होऊन तो रद्द झाला आणि त्याचा बहुतांश प्रदेश नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात (क्रमांक 46) गेला. 1981 साली रत्नागिरीतून वेगळा निघालेला सिंधुदुर्ग जिल्हा हा त्याचा मुख्य भाग असला, तरी त्याला नाव होते ते रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याचे. शेतीचे लहान तुकडे, मुंबईत नोकरीला असलेले चाकरमानी आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर चालणारी घरे असा हा प्रदेश होता. साखर कारखाने आणि सहकारी बँका यांच्या आधाराने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची जी घट्ट वीण तयार झाली, ती येथे कधीच तयार झाली नाही. समाजवाद्यांना येथे दीर्घकाळ थारा मिळाला, त्याचे एक कारण बहुधा हेच असावे.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या लाटेत 1957 साली वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै प्रजा समाजवादी पक्षातर्फे येथून निवडून आले आणि 1962 व 1967 मध्येही त्यांनी ही जागा राखली. मूलभूत हक्कांना संसदेला हात लावता येणार नाही, असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ खटल्यातील निकालानंतर, मूलभूत हक्कांसह राज्यघटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित व्हावा, यासाठी त्यांनी मांडलेले खासगी विधेयक बरेच गाजले. ते संमत झाले नाही, परंतु त्यामागील भूमिका पुढे चोविसाव्या घटनादुरुस्तीत उतरली. ती पाहण्यास ते हयात नव्हते. लोकसभा विसर्जित होऊन निवडणुका तोंडावर आल्या असताना, जानेवारी 1971 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जागी उभे राहिलेले प्रा. मधु दंडवते हे मूळचे अहमदनगरचे आणि मुंबईत पदार्थविज्ञान शिकवणारे, म्हणजे कोकणाला तसे परके. तरीही 1971 पासून 1989 पर्यंतच्या पाचही निवडणुका त्यांनी येथून जिंकल्या. 1971 मध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरात दोनच खासदार निवडून आले, त्यांतील एक दंडवते होते. 1984 मध्ये महाराष्ट्रातील 48 पैकी 43 जागा काँग्रेसकडे गेल्या, त्या लाटेतही राजापूर ढळले नाही. आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात राहिलेले दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री आणि 1989 मध्ये अर्थमंत्री झाले. कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झाले, तेव्हा रेल्वे खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते, तर तिजोरीच्या किल्ल्या दंडवते यांच्याकडे. त्यानंतर वर्षभरातच, 1991 मध्ये, काँग्रेसचे सुधीर सावंत यांनी त्यांचा पराभव केला. मतदार कृतघ्न होते, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल, कारण मुंबईच्या वाटेने कोकणात आलेली शिवसेना तोवर गावोगाव पोहोचली होती आणि बिगरकाँग्रेस मते एकाच पेटीत पडण्याचे दिवस संपले होते.

1996 ते 2004 या काळातील चारही निवडणुका शिवसेनेचे सुरेश प्रभू यांनी जिंकल्या. वाजपेयी मंत्रिमंडळात ते ऊर्जामंत्री होते. पुढे भाजपमध्ये गेल्यावर 2014 मध्ये रेल्वेमंत्री झाले, मात्र तेव्हा ते संसदेत आले ते राज्यसभेच्या मार्गाने.

नव्या मतदारसंघात रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण, रत्नागिरी व राजापूर आणि सिंधुदुर्गातील कणकवली, कुडाळ व सावंतवाडी हे विधानसभा मतदारसंघ येतात. नारायण राणे यांनी 2005 मध्ये शिवसेना सोडल्यापासून येथील लढत राणे विरुद्ध शिवसेना अशीच राहिली आहे. 2009 मध्ये त्यांचे पुत्र नीलेश राणे यांनी काँग्रेसतर्फे प्रभूंना हरवले. 2014 मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत यांनी नीलेश राणे यांना सुमारे दीड लाख मतांनी, तर 2019 मध्ये पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी पराभूत केले. दुसऱ्या विजयापूर्वी थोडेच दिवस राजापूर तालुक्यातील नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीचे भूसंपादन रद्द झाले होते आणि प्रकल्पाला विरोध करणाऱ्या शिवसेनेला त्याचे श्रेय घेता आले.

शिवसेना फुटल्यानंतरच्या 2024 च्या निवडणुकीत भाजपतर्फे स्वतः नारायण राणे उभे राहिले आणि ठाकरे गटाच्या राऊत यांचा 47,858 मतांनी पराभव करून निवडून आले. हा निकाल जिल्ह्याच्या हद्दीवर अक्षरशः दुभंगलेला होता: सिंधुदुर्गातील तिन्ही विधानसभा क्षेत्रांत राणे पुढे होते, रत्नागिरीतील तिन्ही ठिकाणी राऊत. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत या सहाही जागा महायुतीने जिंकल्या.