भुरीला दुधाचा उतारा

थंडीत दुधीच्या किंवा गुलाबाच्या पानावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं, की आधी बोट फिरवून पाहावं. पूड बोटाला लागली आणि खालचं पान हिरवं निघालं, तर ती भुरी, म्हणजे पानावर वाढणारी बुरशी. जास्वंदीच्या देठाशी कापसासारखे चिकट पुंजके असतील, तर तो पिठ्या ढेकूण. ती कीड आहे, बुरशी नाही. तिच्यावर बुरशीचं औषध मारत बसणारे पुष्कळ भेटतात.

भुरीवर दूध फवारा, असं कुणी सांगितलं की तो आजीबाईचा बटवा वाटतो. पण १९९९ साली ब्राझीलमधले शास्त्रज्ञ वॅग्नर बेतिओल यांनी हरितगृहातल्या झुकिनीवर पाणी घातलेलं गाईचं दूध फवारून पाहिलं आणि भुरी खरोखर आटोक्यात आली. पुढे ऑस्ट्रेलियात पीटर क्रिस्प यांनी द्राक्षवेलींवर हेच तपासलं. दुधातल्या प्रथिनांवर ऊन पडलं की अतिशय क्रियाशील कण, म्हणजे मुक्त मूलके, तयार होतात आणि बुरशीचे नाजूक धागे कोलमडतात, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. म्हणून फवारणी सकाळी, ऊन चढण्याआधी करायची; दिवसभराचं ऊन मग आपलं काम करतं. ऊन न येणाऱ्या गॅलरीत फार आशा ठेवू नये.

हा उपाय भुरीलाच का लागू पडतो? तिचा जवळजवळ सगळा पसारा पानाच्या वर असतो. आत शिरतात ती फक्त अन्न ओढणारी बारीक शोषकांगं, तीही वरच्या पेशींत. त्यामुळे फवारा थेट तिच्या अंगावर पडतो. काकडी-दोडक्यावरचा केवडा हा रोग मात्र पानाच्या आत वाढतो; तिथे दूध पोचतच नाही. शिवाय केवड्याला ओलं पान लागतं, भुरीला लागत नाही. उलट साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत.

एक वाटी साय काढलेलं दूध, नऊ वाट्या पाणी. पानाच्या दोन्ही बाजूंना, आठवड्यातून एकदा. दूध वाढवलं तर वास येतो आणि पानावर दुसरीच बुरशी धरते. खायचा सोडाही चालतो, पण त्यातलं सोडियम कुंडीच्या एवढ्याशा मातीत साठत जातं आणि द्रावण जरा कडक झालं की पानं करपतात.

पूर्ण पांढरं पडलेलं पान कशानेच परत हिरवंगार होत नाही. ते आधी खुडावं, मग फवारा मारावा.