मेंदूतली वहिवाट

ग्वाल्हेरचं लष्कर म्हणजे मुळात फौजेचा तळ. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याजवळ तो टाकला. पुढे तंबूंच्या जागी वाडे आले, नाव मात्र लष्करच राहिलं. मुक्कामाच्या जागेचं घर होतं कसं?

माझ्या आत्याचा लष्करातला वाडा पाडून तिथेच इमारत झाली. आत्या आता तिसऱ्या मजल्यावर राहते. रात्री उठली की अजून उजवीकडे वळते. तिथे मोरी होती, आता कपाट आहे. दारातून जाताना मान झुकते, कारण जुनी चौकट बुटकी होती. आम्ही हसतो, पण हा विसरभोळेपणा नव्हे. अंगवळणी पडलेल्या हालचाली मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लियात, मुरलेल्या असतात. वाडा पडला तरी त्या राहतात.

जागेचा नकाशा मात्र मेंदूच्या दुसऱ्या भागाकडे, हिप्पोकॅम्पसकडे. उंदीर ठरावीक ठिकाणी आला की त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ठरावीक पेशी चेततात, हे मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओ'कीफ यांनी १९७१ मध्ये दाखवलं. २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. हाच हिप्पोकॅम्पस घडलेल्या प्रसंगांची आठवणही बांधतो, आणि भावनांशी निगडित अमिग्डाला त्याला अगदी खेटून आहे. त्यामुळे ‘कुठे’ आणि ‘काय झालं’ यांची गाठ सहसा सुटत नाही.

आणि वारंवारता. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये लोकांना निरर्थक शब्द, अनोळखी चेहरे पुन्हा पुन्हा दाखवले. जास्त वेळा दिसलेलं जास्त आवडलं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : वहिवाट. रोजच्या वापराने जमिनीवर हक्क सांगता येतो, तसाच मनातही.

वास्तू देखणी असावी लागते, असंही नाही. बोस्टनमधली वेस्ट एंड ही वस्ती गलिच्छ ठरवून १९५० च्या दशकाअखेरीस पाडली. तिथून उठवलेल्या लोकांशी मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड बोलले. १९६३ मध्ये त्यांनी लिहिलं की अनेकांचं दुःख जवळचं माणूस गेल्यासारखं होतं. कागदावर जीर्ण घरं होती. लोकांच्या लेखी शेजार होता, जिने होते, कोपऱ्यावरच्या गप्पा होत्या.

आत्याला विचारलं, वाड्यातलं सगळ्यात काय आठवतं? मला वाटलं, कोरीव खांब म्हणेल.

“तिसरी पायरी,” ती म्हणाली. “जरा उंच होती. नवा माणूस हमखास अडखळायचा बघ.”