लिथुएनियन लोकपरंपरेतील शेजाऱ्यांच्या प्रतिमा

लिथुएनियाच्या लोककथा, म्हणी, विनोद आणि सणांतल्या सोंगांमध्ये जर्मन, पोलिश, ज्यू, रोमा (जिप्सी), लाटवियन अशा शेजाऱ्यांची ठरावीक चित्रे आढळतात. खेड्यातल्या शेतकऱ्याला ज्या कामानिमित्त हे लोक भेटत, त्या कामाचाच रंग त्यांच्या चित्राला चढलेला दिसतो.

लोककथेतला सैतान अनेकदा जर्मन साहेबाच्या पोशाखात, कोट-हॅट घालून येतो आणि बहुधा शेतकऱ्याकडून फसतो. यामागे ट्युटॉनिक सरदारांशी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाशी, 1422 च्या तहापर्यंत चाललेल्या लढायांची आणि पुढे प्रशिया या जर्मन राज्याशी आलेल्या संबंधांची आठवण आहे. चित्रकार आंतानास झ्मुइद्झिनाविचियुस यांनी जमवलेल्या सैतानांच्या मूर्ती काउनास शहरातल्या संग्रहालयात आहेत. तिथल्या एका शिल्पात हिटलर आणि स्टालिन हेच सैतान झाले आहेत. पोलंड आणि लिथुएनिया यांना एकत्र जोडणाऱ्या 1569 च्या लुब्लिन करारानंतर सरदारवर्गाने पोलिश भाषा व रीतिरिवाज उचलले, त्यामुळे पोलिश माणूस म्हणजे मिजासखोर वाडेवाला. लाटवियन मात्र भाऊबंद, त्यांची चेष्टाही घरच्यासारखी.

ईस्टरपूर्व उपवासाच्या तोंडावर येणाऱ्या ‘उझगावेनेस’ सणात, विशेषतः झेमाइतिया प्रांतात, लाकडी मुखवटे घालून सोंगे दारोदार फिरतात. सैतान, चेटकीण, बकरा यांच्या जोडीला ‘ज्यू’ घासाघीस करतो, ‘जिप्सी’ भविष्य सांगतो आणि ‘हंगेरियन’ औषधे विकतो. हंगेरी शेजारी नाही, पण तिकडचे फिरते औषधविक्रेते गावोगाव येत. ज्यू हे तर पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी, बाजारपेठांच्या गावांचे दुकानदार आणि कारागीर. 1941 पासून नाझींनी स्थानिक साथीदारांच्या मदतीने देशातल्या दोन लाखांच्या आसपास ज्यूंपैकी बहुतेकांना ठार मारले. माणसे गेली, त्यांचे वाकड्या नाकाचे मुखवटे तेवढे उरले. अलीकडे त्यांवर टीका होते आणि ती योग्यच आहे: उत्तर द्यायला शेजारी उरलाच नाही, तर त्या सोंगाला निव्वळ गंमत म्हणता येत नाही.

सोव्हिएत काळात संथ एस्टोनियनाचे विनोद सगळीकडे चालत, तसे लिथुएनियातही.

हाच साचा लिथुएनियन लोक एकमेकांनाही लावतात. झेमाइतियाचा माणूस हट्टी, तर द्झूकिया प्रांतातल्या मुलींबद्दल म्हण अशी की अळंबी आणि रानफळे नसती, तर त्यांच्या अंगावर कपडाही नसता. वाळूच्या निकस जमिनीमुळे तिथले लोक जंगलावरच पोट भरत. सुवाल्किया प्रांताचा शेतकरी कंजूष ठरला. त्याच्या भागात नेपोलियनच्या अमलात 1807 साली भूदासपद्धती (शेतकऱ्याला जमीनदाराशी बांधून ठेवणारी पद्धत) रद्द झाली, बाकी लिथुएनियात 1861 मध्ये. त्या मधल्या काळात त्याच्या गाठीला पैसा जमला होता.