याक दूध देतच नाही हो!

लडाखला फिरून आलेलं पब्लिक "आम्ही याकचं दूध प्यायलो" म्हणून सांगतं, पण याक म्हणजे नर, दूध देते ती त्याची मादी, तिला तिबेटीत ड्री आणि लडाखीत डेमो म्हणतात. थोडक्यात "बैलाचं दूध प्यायलो" म्हटल्यासारखंच. असो, आता सगळं जग याकचंच दूध म्हणतं तर आपणही तेच म्हणू.

तर गाईच्या आणि याकच्या दुधात फरक काय? मेन फरक फॅटचा. गाईच्या दुधात साधारण साडेतीन-चार टक्के फॅट असतं, याकच्या दुधात साडेपाच ते साडेसात टक्के. प्रोटीन गाईचं सव्वातीन-साडेतीन टक्के, याकचं चार ते पाचच्या आसपास, कॅल्शियमही थोडं जास्त. म्हणजे दूध घट्ट, साय जाड, आणि आपल्याकडचा कोणी प्यायला तर म्हणेल अरे हे तर म्हशीचं! फॅटच्या बाबतीत ते खरंच आपल्या म्हशीच्या जवळ जातं, त्यामुळे "हिमालयन सुपरफूड" म्हणून कोणी भारी रेट लावला तर आधी गोठ्यातल्या म्हशीकडे बघा.

हे असं का, तर जनावर रोज दूधच जेमतेम लिटर-दोन लिटर देतं. तेही आधी वासराला लुचू द्यायचं, पान्हा फुटला की मग थोडं काढून घ्यायचं, बाकीचं वासराचंच. होल्स्टिन गाय दिवसाला वीसेक लिटर देते, पण ते दूध पातळ. आणि वासराला तीन-चार हजार मीटरवरच्या थंडीत तग धरायची असते, त्याला प्रत्येक घोटात जास्त एनर्जी लागते.

लॅक्टोज मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच, कारण कासेत दुधात पाणी ओढून आणायचं काम मुख्यतः हीच साखर करते. म्हणून ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगतं, त्यांनी याकच्या दुधाकडून काही आशा ठेवू नये, तिथेही तेच होणार.

एक गोष्ट मात्र भारी आहे. हे जनावर डोंगरावरचं हिरवं गवत खातं, पेंड वगैरे फार नाही, त्यामुळे दुधात ओमेगा-३ जास्त सापडतं, आणि पोटातले बॅक्टेरिया त्या गवतातल्या फॅटपासून जे पदार्थ बनवतात त्यांच्यामुळे सीएलए नावाचं फॅटी अ‍ॅसिडही. पण यात क्रेडिट गवताचं पण आहे हां, कुरणात चरणाऱ्या गाईच्या दुधातही हे गोठ्यातल्या गाईपेक्षा जास्तच असतं. उन्हाळ्यात ताजं गवत मिळालं की याकचं लोणी पिवळंधमक होतं ते त्यातल्या कॅरोटीनमुळे.

तिथली माणसं हे दूध ग्लास भरून पितात असं फारसं नाही, लोणी काढून मिठाच्या चहात घुसळतात, उरलेल्याचं छुरपी नावाचं चीज करतात. अरुणाचलच्या याक छुरपीला २०२३ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला. वाळलेली छुरपी इतकी कडक असते की एक तुकडा तोंडात टाकून लोकं तासभर चघळत बसतात, आणि अमेरिकेत तीच कुत्र्यांना चावायला म्हणून विकतात.